गल्ल्यावरून : मंदी, मोड आणि दहाची पुडी

या महिन्यातली पत्रं वाचताना मला २०२२-२३चा हंगाम आठवत राहिला. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या वर्षी आमच्या भागात बहुतेकांनी कापूस विकलाच नाही. ओसरीत, माजघरात, एका घरी तर देवघराच्या दारापर्यंत रचलेला. लेकरांच्या अंगाला खाज सुटली तरी माणसं भावाची वाट बघत होती. भाव काही आला नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकानात येणाऱ्या बाया भांड्यावर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आते पैसा नहीत माय, कापूस घरमाच पडेल शे."

नव्या वाचकांसाठी सांगते, मी अर्थतज्ज्ञ नाही. अमळनेरला भांड्यांच्या दुकानात चौतीस वर्षं गल्ल्यावर बसले. आता मुलगा बसतो. मी दुपारी जाऊन रोजमेळ तपासते, ते त्याला आवडत नाही. त्या गल्ल्यावरून जे दिसलं तेवढंच इथे लिहिते.

काकू, चोपड्याला आमचं किराणा दुकान आहे. वडिलांच्या वेळेस लोक महिन्याचा किराणा भरायचे, आता रोज दहाची पुडी नेतात. त्यात एका कंपनीचा माणूस सांगतो, 'लोकांना आता सेंद्रिय, पर्यावरणपूरक माल पाहिजे, एक फळी भरून टाका.' मंदीत लोक नेमकं काय घ्यायचं सोडतात? मी काय ठेवू?
— किराणा दुकानदार, चोपडा

भाऊ, हे मला कुकरच्या शिट्टीनं शिकवलं. बाजार चांगला असला की आम्ही कुकर विकायचो. बाजार बसला की शिट्ट्या, रबरी रिंगा आणि मुठी. २०१६च्या डिसेंबरात रिंगा इतक्या गेल्या की जळगावच्या होलसेलवाल्यानं फोन करून विचारलं, "काकू, गावातले सगळे कुकर एकदम बिघडले का?"

'परवडत नाही' असं गिऱ्हाईक तोंडानं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, 'पुढच्या बाजाराला येते.' आधी मोठी वस्तू लांबणीवर पडते. पितळी हंडा, रुखवतातला डिनर सेट, तुमच्याकडे पंधरा किलोचा तेलाचा डबा. मग नेहमीची कंपनी सुटते आणि शेजारची स्वस्त हातात येते. मग माप कमी होतं. सगळ्यात शेवटी उधारी. तुमच्याकडे माप कमी झालंय, म्हणजे उधारीला फार दिवस नाहीत. कोणत्या घराला किती द्यायची ते आजच वहीत लिहून ठेवा. माणूस पायरीवर उभा राहिला की ठरवता येत नाही. मला तरी कधी आलं नाही.

आता पुडी. पुडी नेहमी महाग पडते असं समजू नका. शाम्पूची पुडी बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, चहाची मात्र बहुधा महाग. बहुतेक पाकिटांवर किमतीशेजारी ग्रॅमचा किंवा मिलीलिटरचा दर छापलेला असतो, तो गिऱ्हाइकाला दाखवा. 'माझ्याकडून मोठं पाकीट घ्या' म्हणण्यापेक्षा तो आकडा दाखवलेला बरा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करायची कंपन्यांची खोडही त्यातच उघडी पडते. दहाची पुडी दहाचीच राहते, बिस्किटं मात्र एक-दोन कमी होतात.

पुडीचा कचरा हा वेगळा ताप. भंगारवाला बाटली घेतो, पत्रा घेतो, पुठ्ठा घेतो. चकचकीत पुडी कोणी घेत नाही, कारण तिच्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते वेगळे करण्यात कोणाला पैसे सुटत नाहीत. ती तुमच्या गटारीत जाते आणि पहिल्या पावसात तुमच्याच ओट्याशी परत येते.

त्या कंपनीच्या माणसाला सांगा, फळी नको, ऑर्डर आली की मागवतो. सेंद्रिय म्हणून विकायचंच असेल तर पाकिटावर 'जैविक भारत'चं सरकारी चिन्ह आहे का ते बघा. हिरवं पान कोणीही छापतं. जळगावच्या मॉलमध्ये असा माल खपतो, कारण तिथल्या त्या गिऱ्हाइकाला दोन पैसे जास्त द्यायला जड जात नाही. तुमच्याकडे येणाऱ्या बाईला जड जातं, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

तिला परवडेल असं एक काम आहे, ते आपल्या वाडवडिलांनी केलेलं आहे. सुटा माल. तूरडाळ, ज्वारी, साखर, गूळ, धुण्याची पावडर. घरचा डबा आणा म्हणावं, डब्याचा धडा करून, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा करून, माल तोला, आणि पिशवीचा वाचलेला रुपया तिला सोडून द्या. दहा रुपयांची डाळ मागितली तर दहाचीच द्या, तोंड वाकडं न करता. काट्यावर दरवर्षीचा शिक्का असू द्या, नाहीतर निरीक्षक येईल तेव्हा माझं नाव घ्याल. खाद्यतेल मात्र सुटं विकू नका, त्यावर निर्बंध आहेत. पातळ कॅरीबॅग तर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंद आहे. तरी काउंटरखाली कुठे ठेवली जाते ते मला माहीत आहे.

माई, आमचा दहा जणींचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. यंदा मागणी कमी झाली. एका प्रशिक्षणात सांगितलं की ग्राहकाला आता पर्यावरणपूरक पॅकिंग हवं आहे, कंपोस्ट होणारं पाकीट घ्या. ते आमच्या पाकिटाच्या तिप्पट महाग आहे. घ्यावं का? पाकिटावर '१०० टक्के पर्यावरणपूरक, नैसर्गिक' असंही छापायचं मनात आहे.
— बचत गटाच्या अध्यक्षा, सावदा

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: छापू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणपूरक', 'नैसर्गिक' असा मोघम शब्द वापरला तर तो कशाच्या जोरावर, हे सांगता आलं पाहिजे. त्याऐवजी 'सावदा परिसरातली केळी, तळल्याची तारीख अमुक' एवढं लिहा. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तो शिक्का पाकिटावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गटातल्या कोणाच्या घरी केळीची बाग असेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

आता पाकीट. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते विकणाऱ्याकडे मागा. बरेच जण तिथेच गप्प बसतात. प्रमाणपत्र असलं तरी ते पाकीट कुजायला बंदिस्त खतप्रकल्पातली उष्णता लागते, आणि ती सावद्याच्या उकिरड्यावर मिळत नाही. शिवाय वेफर्सचे दोन वैरी, ओल आणि हवा. पाकीट कमजोर निघालं तर आठ दिवसांत वेफर्स मऊ, पंधरा दिवसांत खवट. मग केळी, तेल, गॅस आणि दहा जणींचे हात, सगळंच फेकायचं. एक पाकीट वाचवायला एवढं गमावण्यात कसलं पर्यावरण?

मी भांडेवाली, तेव्हा डबाच सुचवणार हे तुम्ही ओळखलंच असेल. पण हिशेब करून बघा. तुमचा निम्मा माल सावदा, फैजपूर, यावल, भुसावळ एवढ्यातच खपत असणार. तिथल्या दुकानांना घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे भरून द्या, अनामत घ्या, रिकामा डबा आला की धुऊन पूर्ण सुकवून भरलेला द्या. चारशेचा डबा पन्नास फेऱ्या टिकला तर फेरीला आठ रुपये पडतात. माझ्या दुकानातला चांगल्या जाडीचा डबा त्याहून कितीतरी जास्त टिकतो. डब्याला तारखेची चिठ्ठी हवीच. लांबच्या गिऱ्हाइकाला, पुण्या-मुंबईला, आहे तेच पाकीट चालू द्या. फक्त अर्धं हवेनं भरलेलं मोठं पाकीट नको, बेताचं घ्या.

खरी बचत पाकिटात कमी आणि कढईच्या आसपास जास्त आहे. तळणीचं तेल किती वेळा वापरता? त्यातली 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. ते तेल नाल्यात ओतू नका आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्यालाही देऊ नका. बायोडिझेलसाठी असं तेल गोळा करणारे आहेत, ते पैसे देतात. सालं गुरांना जातात का? आणि मुख्य म्हणजे केळी कोणती घेता? व्यापारी घड कापतो तेव्हा बारीक फण्या बाजूला काढतो. त्या वेफर्सला चालतात, आणि मंदीत त्या मिळतातही स्वस्त.

याबाबत आमच्या गावाचं उदाहरण देते, जरा मिरवते म्हणा. २९ डिसेंबर १९४५ला अमळनेरात एक कंपनी नोंदली गेली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वनस्पती तूप करायची. ते करताना जे उरायचं त्यापासून ७८७ नावाचा धुण्याचा साबण काढायची. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी साध्या घरांत तिचे शेअर होते. आमच्या घरात नव्हते. सासऱ्यांना कागदापेक्षा पितळ आवडायचं.

यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारी योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलेलं आहे, आणि त्यात जळगाव जिल्ह्याचं उत्पादन केळीच आहे. योजनेची मुदत संपली नाही ना, ते आधी विचारा. पण मागणी कमी झालेली असताना आधी यंत्र घेऊ नका. अनुदान ३५ टक्के असतं, हप्ता मात्र पूर्ण असतो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं युनिट आहे, मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देतो. पाच महिने झाले, पैसे नाहीत. मागितले की 'मंदी आहे, थांबा' म्हणतात. पगाराला मी बायकोचे दागिने ठेवले. भांडलो तर काम जाईल.
— लघुउद्योजक, जळगाव

तुमचं पत्र वाचून मला राग आला, तो तुमच्यावर नाही. मंदीत मोठा माणूस बँकेऐवजी लहानाकडून कर्ज घेतो, आणि तेही बिनव्याजी. त्याला 'थांबा' म्हणतात.

तुमची उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर हे मासिक खाली ठेवा आणि आधी ती करा, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. नोंदणीनंतरच्या मालाला याचा जोर मिळतो, म्हणून आधी नोंदणी. आमच्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. तुम्ही माल बनवता, तुम्हाला आहे.

भांडायची भीती वाटते ते मला समजतं. म्हणून आधी कारखान्याच्या मालकाकडे जाऊ नका, त्याच्या अकाउंटंटकडे जा. एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की अकाउंटंट स्वतः तुमची बाजू मांडतो. तुमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, म्हणजे 'माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

त्याउपर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषद आहे. अर्ज ऑनलाइन होतो, जिल्हा उद्योग केंद्रात सांगतील. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कारखान्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर त्याला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. हे वाक्य अकाउंटंटला सहज बोलता बोलता ऐकवा. कारखान्याची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर असेल तर त्याला 'ट्रेड्स' या बिल वटवणाऱ्या व्यवस्थेत नोंदणी करणं बंधनकारक आहे. तिथे बिल चढलं तर बँक तुम्हाला आधी पैसे देते.

आणि एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर किती काम आहे ते बघा. माझी सगळ्यात मोठी बुडीत उधारी माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची होती. एका मंगल कार्यालयाची भांडी, एकरकमी ऑर्डर. पेढे वाटले होते मी. त्याची खतावणी अजून माझ्याकडे आहे. मुलगा म्हणतो, रद्दीत टाक.

लग्नासाठी जुनं सोनं मोडावं का? भाव एवढा वाढलाय की नवं घेणं होत नाही.
— एक आई, पारोळा

मोडा, पण सगळं नको. जुन्या दागिन्याच्या मोडीत घडणावळ आणि डाकाचं वजन जातं, नव्यावर पुन्हा घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. आजीची पोत नुसती गाठवून, उजाळा देऊन घेतली तर तीच लेकीला शोभते. ज्याची कडी तुटली, जे कोणी अंगावर घालत नाही, ते मोडा. आटवताना समोर उभ्या राहा, शुद्धता तपासून आकडा लिहून घ्या. नव्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. जळगावच्या सराफाला यात अपमान वाटत नाही. वाटला तर दुकान बदला.

'लिपस्टिक इफेक्ट' खरा असतो का? म्हणजे मंदीत बायका महाग वस्तू सोडून लिपस्टिक घेतात, असा. आमच्या कॉलेजात यावर प्रोजेक्ट आहे.
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, धुळे

बाळ, सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातल्या लेनर्ड लॉडर यांनी २००१च्या सुमारास हे निरीक्षण मांडलं. नंतर लोकांनी जुने-नवे आकडे ताडून पाहिले तेव्हा दर मंदीत ते जुळलं नाही. प्रोजेक्टमध्ये तो नियम म्हणून लिहू नकोस.

त्यातला मनाचा भाग मात्र मी पाहिलाय. मोठं काही घेता येत नसलं की माणूस लहानसं काहीतरी घेतोच, विशेषतः सण असला की. कानबाईला ज्या वर्षी हंडे-कळश्या उठल्या नाहीत, त्या वर्षी तांब्याचे लहान गडवे आणि समया गेल्या. धुळ्यात आग्रा रोडवर एक संध्याकाळ उभी राहा आणि बांगडीवाल्याला विचार. लिपस्टिकपेक्षा तो खरं सांगेल. आणि पुरुषांचंही विचार. मंदीत बाहेर जेवणं बंद होतं, पण शेवभाजीचं पार्सल बंद होत नाही, हे आमच्या घरचंच निरीक्षण आहे.

यांचा ओव्हरटाइम बंद झाला. मिक्सर बिघडलाय, दोन पंखे कुरकुर करतात. दुकानदार म्हणतो, नवंच घ्या, हप्त्यावर देतो. दुरुस्त करू की नवं घेऊ?
— गृहिणी, भुसावळ

मिक्सर दुरुस्त करा, पंख्याचं मात्र थांबून बघू.

मिक्सरचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या रबरी कपलरचं किंवा कार्बनचं असतं. किरकोळ पैशांत होतं. मोटर जळाली असेल तरच विचार करा. कंपनी सुटा भाग नाहीच म्हणाली तर केंद्र सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर ती कंपनी आहे का बघा, आणि अडवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. हिंदीत बोलायची तयारी ठेवा, मराठीही मिळते.

पंख्याच्या बाबतीत मी माझाच नियम मोडते. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा ३०च्या आसपास. भुसावळच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाला पंधरा तास चालतो, जास्तच. म्हणजे ४५ वॉट गुणिले पंधरा, रोज पाऊण युनिटाच्या जरा आत. महिन्याला वीस युनिटं. तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर बघा आणि गुणा. नऊ रुपये धरले तर महिन्याला एकशेऐंशी. तीन हजारांचा पंखा दोन उन्हाळ्यांत, फार तर तिसऱ्यात वसूल होतो. जुन्याचं वाइंडिंग पुन्हा करून घेतलं तर तो आधीपेक्षा जास्तच वीज खातो, असा माझा अनुभव आहे.

पण दोन्ही एकदम नको, आणि हप्त्यावर तर मुळीच नको. जो पंखा रात्रंदिवस चालतो तो बदला. पाहुण्यांच्या खोलीतल्याला तेल घाला आणि कुरकुरू द्या.

तुम्ही दर अंकात 'जुनं वापरा, दुरुस्त करा, मोड घाला' सांगता. सगळ्यांनी ऐकलं तर आमचं काय? मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन आहे. दिवाळीनंतर आमच्यातल्या दोघांना घरी बसवलं. पुढचा नंबर माझा असेल.
— एक वाचक, नंदुरबार

दादा, तुमचं पत्र मी आठ दिवस उशाशी ठेवलं होतं.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९३६मध्ये हेच मांडलं की एका घरानं काटकसर केली तर ते घर तरतं, पण सगळ्यांनी एकदम हात आखडला तर बाजार आणखी बसतो आणि शेवटी सगळ्यांचीच कमाई घटते. मी वर भुसावळच्या ताईंना 'हप्त्यावर घेऊ नका' लिहिलं, ते तुमच्या पोटावर आहे, हे मला कळतं. तरीही त्यांना तेच सांगेन. ज्या घराचा ओव्हरटाइम गेला त्या घरानं बाजार सावरण्यासाठी हप्ते भरावेत, असं मला म्हणवत नाही. तो भार सरकारनं, बँकांनी, माझ्यासारख्या दोन पैसे गाठीला असलेल्यांनी उचलायचा. माझ्या घरी गेल्या महिन्यात रंगकाम काढलं. पेंटर रिकामा होता म्हणून काढलं.

पण दुरुस्तीत काम नसतं, हे खरं नाही. २०१६च्या आठ नोव्हेंबरला रात्री नोटा बंद झाल्या, तुळशीचं लग्न दोन-तीन दिवसांवर, लग्नसराईचा माल फळीवर आणि गल्ल्यात पाचशेच्या नोटा. ते दोन महिने आम्ही मोडीवर काढले. बाया जुनं पितळ घेऊन यायच्या, वजनाला वजन लावून वरची घडणावळ तेवढी द्यायच्या. दुकानापुढे कल्हईवाले चाचा बसायचे, भाता, कथील, नवसागर घेऊन. त्यांच्यापुढे आमच्यापेक्षा मोठी रांग. नव्या टीव्हीच्या किमतीतले किती पैसे नंदुरबारात राहतात, तुम्हीच सांगा. दुरुस्तीचे बहुतेक गावातच राहतात.

तेव्हा मालकाशी बोला. जुनं घेऊन नवं देण्याची योजना तुमच्याकडे असेलच. आलेला जुना माल कुठे जातो? त्यातला निम्मा थोड्या कामानं चालू होण्यासारखा असतो, आणि नवं न परवडणारं गिऱ्हाईक तुमच्याच दारावरून परत जातंय. तो माल तपासून, दुरुस्त करून, सहा महिन्यांची लेखी हमी देऊन विकणारा माणूस दुकानात हवा. आयटीआयमध्ये घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा लहान अभ्यासक्रम मिळतो का, चौकशी करा. बोलायला तुम्ही हुशार आहातच, नाहीतर सेल्समन झाला नसता. हातात पाना असला तर मालक तुम्हाला सगळ्यात शेवटी काढेल. 'काढणारच नाही' असं खोटं कसं लिहू?

कारण मी काढलाय. २०२०ची अखाजी सव्वीस एप्रिलला होती, दुकानाला कुलूप. जूनमध्ये उघडलं तेव्हा तिघांचा पगार निघत नव्हता. दोघांना अर्ध्यावर ठेवलं, तिसऱ्याला 'बघू' म्हटलं. तोही 'बघू'चा अर्थ समजला. पुढच्या वर्षी थोडं सावरल्यावर त्याला निरोप पाठवला, तेव्हा तो रिक्षा चालवत होता. यायला नाही म्हणाला, पण दुकानात आला. बायकोची तळाला छिद्र पडलेली पितळी घागर मोडीला घेऊन. मी काट्यावर ठेवली, आकडा वाचला. त्यानं वाकून काटा शून्यावर आहे का ते पाहिलं आणि म्हणाला, "काकू, घागर उचला. परत ठेवा."